साडूभाऊ आणि समुद्राकाठची टेकडी

पृथ्वी सपाट नाही ही गोष्ट शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते, पण त्या गोष्टीचा मनापासून आनंद झालेला एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. बाकीची माणसं नव्या जागी गेली की आधी ओळखीचं कोण आहे ते पाहतात, पंखा कुठे आहे ते पाहतात, चहा कुठून येतोय ते पाहतात. आमचे भाऊ उतार पाहतात. मांडवात पाऊल टाकलं की त्यांची मान आपोआप एका बाजूला कलते, डावा डोळा मिटतो आणि ते स्वतःशीच पुटपुटतात, "आठे पानी थांबी." म्हणजे इथे पाणी साचणार. मग नवरानवरी, अक्षता, मंगलाष्टकं, सगळं पुढे चालू राहतं, पण भाऊंच्या दृष्टीने त्या लग्नातली मुख्य गोष्ट सांगून झालेली असते.

ते मूळचे साक्रीकडचे. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि तीही पाटचाऱ्यांची मोजणी करण्यात. पाण्याला पुढे जायची इच्छा होईल, पण पळत सुटायची होणार नाही, इतपतच उतार द्यायचा, हे त्यांचं काम. त्या कामात त्यांनी नजर इतकी घासली की दुर्बिणीचा तिकाटणा लावणाऱ्या हाताखालच्या लोकांना ती दुर्बीण उगाच ओझं वाटायची. निवृत्त झाल्यावर खात्याने दुर्बीण ठेवून घेतली, नजर मात्र भाऊंकडेच राहिली, आणि आता तिला दिवसभर दुसरं काम नव्हतं. दुर्बिणीच्या जागी त्यांनी लिंबू धरलं. चांगलं गोल, पिवळं लिंबू खिशात घेऊन ते कुणाच्याही नव्या घरी जात आणि फरशीवर हलकेच सोडून देत. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याची धुळ्यातच वास्तुशांत होती. भाऊ माझ्यासोबत आले. होम झाला, लोक जेवायला बसले, आणि भाऊंनी स्वयंपाकघराच्या दारातून लिंबू सोडलं. ते सावकाश गडगडत दिवाणखान्यातून गेलं, वळलं, आणि यजमानांच्या म्हाताऱ्या आईच्या पायाशी जाऊन थांबलं. म्हातारीने आधी लिंबाकडे पाहिलं, मग वाकून डोळा मिटलेल्या भाऊंकडे पाहिलं, आणि ताट बाजूला सारून ती उठली. गुरुजींना परत बोलावण्यात आलं. मी भाऊंना घेऊन कसाबसा बाहेर पडलो, तर जिन्यात ते म्हणतात, "आईंना सांगा, त्या कोपऱ्यात देव ठेवू नका. पाणी शिरेल." पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात पाणी शिरलं. आमच्या सहकाऱ्याच्या आईचं अजूनही म्हणणं आहे की ते लिंबामुळेच शिरलं.

उताराखालोखाल त्यांचं प्रेम वाऱ्यावर. साक्रीच्या पठारावर वारा असा वाहतो की उभ्या माणसाचा सदरा त्याच्या आधी घरी पोचतो. तिथे वाढलेल्या माणसाला वाऱ्याची सवय होते, भाऊंची त्याच्याशी मैत्री झाली. आमची सासुरवाडी चोपड्याची, केळीच्या बागांतली. हिवाळ्यात तिथे शेतावर भरीत असतं. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या. जाळ कुठे करायचा ते भाऊ ठरवतात. चिमूटभर माती उचलून ती बोटांतून सोडतात, कुठे जाते ते पाहतात आणि सांगतात, "जाळ इकडे, माणसं तिकडे." एकदा जाळ पेटला, माणसं बसली आणि वारा फिरला. सगळा धूर माणसांवर. सगळे उठून दुसऱ्या बाजूला गेले. भाऊ गेले नाहीत. "तो परत येईल," वाऱ्याविषयी ते म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी गाळत एकटेच धुरात बसून राहिले. भरीत खाऊन होईपर्यंत वारा काही परत आला नाही. ही गोष्ट भाऊंच्या बायकोने, म्हणजे आमच्या मेहुणीने, अक्काने, पुढे प्रत्येक भरिताला सांगितली, आणि भाऊंनी प्रत्येक वेळी एवढंच म्हटलं की तो नंतर आला, तुम्ही निघून गेला होता.

अशा माणसाचा गोल्फशी संबंध येईल असं कुणालाही वाटलं नसतं. आमच्याकडे गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मधे लागणारी हिरवी जागा. पण भाऊंची लेक ज्या घरी दिली ते व्याही मूळचे पहूरचे. तरुणपणी मुंबईला गेले, बांधकामाची कंत्राटं घेता घेता स्वतःच्या इमारती उभ्या करू लागले आणि फार मोठे झाले. देह मोठा, आवाज मोठा, मनही मोठं. त्यांनी कोकणात समुद्राला लागून रेताड जमिनीचा एक लांबलचक पट्टा विकत घेतला आणि तिथे स्वतःचं खासगी गोल्फचं मैदान करायचं ठरवलं. साधंसुधं नाही, विलायतेत समुद्राकाठी असतं तसं. त्याला 'लिंक्स' म्हणतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी त्यांनी थेट स्कॉटलंडहून मैदान आखणारा एक वृद्ध साहेब बोलावला होता. आणि एका दिवाळीत त्यांचा भाऊंना फोन आला.

"व्याही, हा माणूस काय करून राहिला काही समजत नाही," ते म्हणाले. "आला तेव्हापासून नुसता फिरतो. कागदावर एक रेघ नाही. कधी वाळूत झोपतो. तुम्ही जमिनीतले. या, आणि जरा लक्ष ठेवा त्याच्यावर."

थोडक्यात, भाऊंना हेर म्हणून बोलावलं होतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, सुट्टी होती, म्हणून दुभाष्या म्हणून मलाही सोबत घेतलं. समुद्र भाऊंनी पूर्वी पाहिला होता, पण त्याच्याशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं. आम्ही पोचलो, गाडीतून उतरलो, समोर अथांग निळं पाणी. भाऊंनी मान कलती करून पाहिलं आणि म्हणाले, "सपाट शे." म्हणजे सपाट आहे. मग त्यांनी पाठ फिरवली आणि त्यांना जमीन दिसली. समुद्रापासून आत पसरत गेलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्या मधल्या वाकड्यातिकड्या खोलगट जागा, कुठे मऊ चढ, कुठे अचानक खाली गेलेला उतार, आणि या सगळ्यावर वाऱ्याने काढलेल्या बारीक लाटा. झाड म्हणून कडेला सुरूची एक रांग तेवढी. लेकीच्या लग्नात पाठवणीच्या वेळीसुद्धा मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता.

साहेब एका खळग्यात पोटावर आडवे पडले होते. हनुवटी वाळूला टेकलेली, एक डोळा मिटलेला. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, चप्पल काढली आणि शेजारी जाऊन तसेच आडवे झाले. मी ओळख करून द्यायला उभा होतो. ओळख करून द्यायची गरज कुणाला वाटेना. थोड्या वेळाने साहेबांनी बोटाने दूरवर एक जागा दाखवली. भाऊंनी मान हलवली आणि बोट जरा उजवीकडे सरकवलं. साहेबांनी पुन्हा पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच वळून आपल्या शेजारी कोण येऊन झोपलं आहे ते पाहिलं.

माझ्या इंग्रजीची त्या आठवड्यात जी अवस्था झाली ती मी विद्यार्थ्यांना कधी सांगितलेली नाही. साहेब बोलत ते इंग्रजीच आहे हे माझ्या लक्षात यायलाच दुपार झाली. ते एखादं वाक्य बोलत, मी "पार्डन?" म्हणे, ते पुन्हा बोलत, मी पुन्हा म्हणे, आणि तोवर भाऊ म्हणत, "माले समजनं." मला वाटलं उगाच म्हणतात. पण ते उठून बरोबर साहेबांना हव्या त्या जागी जाऊन उभे राहत. दुसऱ्या दिवसापासून मी सुरूच्या सावलीत चहाचा थर्मास घेऊन बसू लागलो. लांबून मला दिसे की एक अहिराणीत बोलतो आहे, दुसरा स्कॉटलंडच्या कुठल्या तरी खेड्याच्या बोलीत बोलतो आहे, दोघांचे हात हवेत चढउतार काढताहेत आणि दोघंही एकमेकांचं पूर्ण ऐकून घेताहेत. धुळ्यात मराठी बोलणाऱ्या माणसांच्या इतक्या सभांना मी बसलो आहे, पण एवढं समंजस संभाषण पाहिल्याचं आठवत नाही.

हळूहळू मलाही ते मैदान कळत गेलं. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेती यांच्या मधली, कुणाच्याच कामाची नसलेली जमीन. वाळूमुळे पाणी थांबत नाही, खारं वारं असल्यामुळे झाड टिकत नाही, फक्त आखूड गवत धरतं. तिथे मेंढ्या चरायच्या आणि मेंढपाळ काठीने गोटे टोलवायचे, त्यातून हा खेळ झाला असं साहेबांच्या गावात मानतात. म्हणून तिथे जमीन आखायची नसते, शोधायची असते. चेंडू कुठून मारायचा, तो पडून कुठल्या उताराने घरंगळेल, वारा सकाळी जमिनीकडून आणि दुपारनंतर समुद्राकडून आला तर काय होईल, ते पाहत फिरायचं. ज्या बशीसारख्या जागेकडे सगळे उतार आपणहून जातात, तिथे भोक पाडून निशाण लावायचं. एक भोक वाऱ्याच्या तोंडावर, पुढचं वारा पाठीवर घेऊन, त्यापुढचं वारा कुशीवर घेऊन, म्हणजे खेळणाऱ्याला एकच वारा दरवेळी नवा भेटतो. माती हलवायचीच नाही. जन्मभर जमीन सरळ करण्याचा पगार घेतलेल्या भाऊंना हे ऐकून आनंद झाला, तसं थोडं वाईटही वाटलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "आपण उगाच इतक्या टेकड्या कापल्या."

जागोजागच्या वाळूच्या खड्ड्यांचं कोडं मात्र भाऊंना सुटेना. हे मुद्दाम कशाला ठेवायचे? साहेबांनी समजावून सांगितलं, मी भाषांतर करायला पुढे झालो आणि अडखळलो. शेवटी साहेबांनी टोपी काढली, एका खड्ड्यात उतरले, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपले आणि "बेंऽऽ" असा आवाज काढला. व्याह्यांचे दोन इंजिनियर कागद घेऊन येत होते, ते जागीच थांबले. भाऊंचा चेहरा उजळला. साक्रीच्या पठारावर ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या वारा चुकवायला बांधाच्या आडोशाला बसतात आणि बसून बसून खळगा पाडतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. तेही खड्ड्यात उतरले, जरा बाजूला सरकून, वाऱ्याचा नेमका आडोसा होता तिथे बसले आणि साहेबांपेक्षा चांगला आवाज काढला. साहेबांनी मान्य केलं की मेंढी तिथेच बसेल. खड्ड्याची जागा हातभर सरकवण्यात आली. त्या संध्याकाळी इंजिनियरांनी मुंबईला काय कळवलं मला माहीत नाही, पण व्याही दुसऱ्याच दिवशी येणार असल्याचा निरोप आला.

त्याआधी अक्काचा फोन आला, कारण मी तिला बोलण्याच्या ओघात हरळीची गोष्ट सांगून बसलो होतो. या मैदानावर गवत म्हणून हरळी लावायची होती. कपाशीच्या रानातून हरळी खणून काढण्यात आमच्याकडच्या बायामाणसांची कंबर मोडते, आणि इथे ती गाडीने मागवून, पाणी घालून, मजूर लावून वाढवत होते. अक्काने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यांना घेऊन घरी या तुम्ही. तिथलं पाणी बरं नाही."

व्याही आले ते काम पाहून खूश झाले. निशाणं रोवलेली होती, साहेबांनी एकदाचे नकाशेही काढले होते. सगळं पाहून ते क्लब-हाउसच्या जोत्यावर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. समोर मैदानाच्या मधोमध ती मोठी टेकडी होती. समुद्रालगतच्या पहिल्या टेकड्यांना सरकारी नियमाने हात लावता येत नव्हता, पण ही आतली, त्यांच्या स्वतःच्या मालकीची. साहेबांनी एका भोकाचा अख्खा खेळ तिच्यावरून नेला होता. अलीकडून मारायचं, पलीकडचं निशाण दिसत नाही, टेकडीवर विश्वास ठेवून चेंडू पलीकडे पाठवायचा.

"इथून समुद्र दिसत नाही," व्याही म्हणाले. "एवढा समुद्र विकत घेतला आणि व्हरांड्यात बसून दिसणार नाही? काढा ही. परवा जेसीबी आणा."

साहेबांना ते भाषांतराशिवाय समजलं. ते शांतपणे म्हणाले की टेकडी गेली तर आपण घरी जाऊ, आणि मैदानाला आपलं नाव लावू नये. ते आपल्या खोलीत गेले आणि सामान भरायला लागले. भाऊ तिथेच उभे. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. मुलीच्या सासऱ्याला त्याच्याच जमिनीवर उभं राहून चुकलात म्हणायचं, हे आमच्याकडे होत नाही. अक्काने तर फोनवर बजावलंच, "तुमची टेकडी राहील नाहीतर जाईल. पोरीला त्या घरात राहायचं आहे." भाऊ जेवले नाहीत. टेकडीकडे तोंड करून बसून राहिले.

मग लेकीचाच फोन आला. तिला नवऱ्याकडून सगळं कळलं होतं. भाऊंनी फोन माझ्यासमोरच घेतला. ती म्हणाली, "आण्णा, तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. माझी काळजी करू नका. फक्त जेवणाआधी बोलू नका. पप्पा उपाशीपोटी कुणाचं ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचं जेवण झालं, अगदी ताकापर्यंत, आणि भाऊ म्हणाले, "चला, जरा फिरून येऊ." मी मागे मागे गेलो. दुपार कलली होती, समुद्राकडचा वारा सुरू झाला होता. टेकडीच्या पायथ्याशी व्याही थांबले. बूट वाळूत रुतत होते. भाऊंनी त्यांना बूट काढायला सांगितले. मुंबईत ज्यांच्यापुढे लोक उभे राहतात ते गृहस्थ मोजे खिशात कोंबून, हातापायांनी वाळू ओढत वर चढू लागले. चढताना काहीच दिसत नव्हतं, नुसती वाळू आणि वर आभाळ. आणि माथ्यावर डोकं निघालं तसा समोरून सगळा समुद्र एकदम अंगावर आला. वाऱ्याने व्याह्यांचे केस उभे केले. ते मटकन खाली बसले. भाऊही बसले.

"मी पोरीना बाप शे," भाऊ म्हणाले. "माले बोलाना हक्क नही. पण एक सांगतो. हा व्हरांड्यातून दिसला तर रोज दिसेल, आणि चार दिवसांनी तुम्ही त्याच्याकडे पाहणार नाही. इथे चढून आलात म्हणून तो भेटला."

व्याही समुद्राकडे पाहत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या घरातही कुणाला माहीत नसावं. मुंबईत सुरुवातीच्या दिवसांत एका कामासाठी ते एका मोठ्या माणसाला भेटायला गोल्फ क्लबात गेले होते. तो आत खेळत होता. हे सभासद नव्हते, म्हणून फाटकाजवळच्या बाकावर यांना बसवून ठेवलं. सबंध दुपार. कुंपणाच्या जाळीतून हिरवळ दिसत होती आणि पांढरे कपडे घातलेली माणसं तिच्यावर सावकाश चालत होती. "तिथंच ठरवलं," ते म्हणाले, "एक दिवस आपलं स्वतःचं करायचं. आणि असं करायचं की त्या लोकांनी विचारून आत यावं. खेळता तर मला आजही येत नाही, व्याही."

भाऊंनी वाळूची मूठ भरून ती वाऱ्यावर सोडली. "ते लोक चालत होते ना," ते म्हणाले. "आणि तुम्ही बाकावर होता. आता एवढं मैदान केलं आणि परत व्हरांड्यात बसून पाहणार? मग तो बाकच झाला की."

मला वाटलं संपलं. व्याही उठले. उताराकडे वळले, पाय घसरला, आणि तो एवढा मोठा देह, पांढरी शुभ्र पँट, बसल्या बसल्या टेकडीवरून थेट खालपर्यंत घसरत गेला. भाऊ आणि मी वर उभे. खाली ते उठले. पँट झटकली. इकडेतिकडे कुणी पाहत नाही ना ते पाहिलं, आणि पुन्हा वर चढायला लागले. माथ्यावर आल्यावर धापा टाकत म्हणाले, "पहूरला धरणाच्या भरावावरून आम्ही असे जायचो. सरका." आणि ते दुसऱ्यांदा गेले. या वेळी भाऊ त्यांच्यामागे गेले. साहेब खोलीच्या दारात बॅग हातात घेऊन उभे होते. दोन व्याही वाळूत एकमेकांना हात देऊन उठवताहेत हे त्यांनी पाहिलं आणि बॅग आत नेऊन ठेवली. जेसीबी आला तो रस्त्याच्या कामाला लावण्यात आला.

पुढे वर्षभराने मैदान तयार झालं, तेव्हा आम्हाला सगळ्यांना बोलावणं होतं. हरळीने सगळी वाळू धरली होती आणि अक्का ते पाहून पदर तोंडाला लावून उभी होती. टेकडीपलीकडे खेळून झालं की वाजवायला एक घंटा हवी होती, म्हणजे अलीकडच्यांना कळावं की आता मारायला हरकत नाही. ती भाऊंनी साक्रीच्या बाजारातून आणली. देवळात बांधतात तसलीच. त्यामुळे तिथे काम करणारी गावची माणसं ती वाजवण्याआधी हात जोडतात, आणि मुंबईचे पाहुणेही आता बघून बघून जोडायला लागले आहेत. त्या दिवशी व्याह्यांनी आग्रहाने पहिला चेंडू भाऊंना मारायला लावला. भाऊंनी उतार पाहिला, माती उडवून वारा पाहिला, पुन्हा उतार पाहिला. पाहुणे ताटकळले. मग त्यांनी काठी उगारून अशी मारली की चेंडू जागचा हलला नाही आणि हिरवळीचा एक तुकडा उडून लांब जाऊन पडला. लोक हसले. भाऊ शांतपणे चालत गेले, तो तुकडा उचलून आणला, जागच्या जागी नीट बसवला आणि अनवाणी पायाने दाबला. साहेब एकटेच टाळ्या वाजवत होते. मला त्यांनी नंतर सांगितलं, आणि तोवर मला त्यांचं इंग्रजी समजू लागलं होतं, की तिथे जमलेल्यांत गोल्फची रीत फक्त त्याच माणसाला ठाऊक होती.

भाऊंनी पुन्हा कधी काठी हातात धरली नाही. पण लेकीकडे गेले की एकदा तरी तिथे जात. मैदान खासगी, बहुतेक दिवस रिकामंच असायचं. भाऊ एकटेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे, मधेच आडवे व्हायचे, आणि संध्याकाळी फोनवर साहेबांशी बोलायचे. साहेब आपल्या गावी परतले होते. दोघं एकमेकांना आपापल्या भाषेत काय सांगत देव जाणे, पण फोन लांबत असे. अक्का म्हणायची, लग्न झाल्यापासून हे माझ्याशी एवढं बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात भाऊ आणि मी पुन्हा तिथे गेलो. भाऊंचे गुडघे आता साथ देत नाहीत. पावसाळ्यातच साहेबांच्या मुलीचा माझ्या फोनवर निरोप आला होता, वडील गेले म्हणून. मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते "बरं" एवढंच म्हणाले होते. उत्तर काय द्यायचं विचारलं, तर पाहू म्हणाले. मी एक मजकूर तयार करून ठेवला होता. माझ्या नोकरीला शोभेल असा, भारदस्त, दुःख आणि आदर यांनी भरलेला. तो तसाच पडून होता.

टेकडीच्या पायथ्याशी भाऊ बसले. मला म्हणाले, "तुम्ही वर जाऊन या." मी गेलो, समुद्र पाहिला आणि खाली आलो. त्यांनी समुद्राविषयी काही विचारलं नाही. माथा कसा आहे ते विचारलं. मी सांगितलं की माथा जरा अलीकडे सरकल्यासारखा वाटतो, आणि दक्षिणेकडे एक नवा खळगा पडला आहे, गवत चांगलं आहे. भाऊंनी डोळे मिटून तळहात हवेत थोडा कलता धरला, मग जरा आणखी कलता.

"आता लिहा त्या पोरीला," ते म्हणाले.

मी माझा मजकूर वाचून दाखवायला लागलो. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि हाताने थांबवलं. "हे नको. लिहा, आज वारा समुद्राकडून शे. माथा हातभर अलीकडे सरकला शे. दक्षिणेला नवा खळगा पडला, मेंढी बसेल असा. गवत बरं शे."

"एवढंच?"

"त्यांना दरवेळी एवढंच सांगायचो."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. त्या 'शे'साठी मला शब्द शोधावा लागला नाही. निरोप गेला. भाऊंनी तो गेला का विचारलं नाही. वाळूवरून तळहात फिरवत ते स्वस्थ बसून राहिले, मीही बसलो. वर टेकडीच्या माथ्यावर गवत एका बाजूला झोपलं होतं, इतका वारा होता. आम्ही बसलो होतो तिथे मात्र तो लागत नव्हता.